'घाटी' कोणाला म्हणायचं? घाटमाथ्याची मराठी आणि आपण

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, आईला घेऊन कोप्पीकर रोडवर गेलो होतो. तिला लुगडं घ्यायचं होतं आणि दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या शेजारी खानापूरकडच्या चार बायका बसल्या होत्या, लग्नाच्या खरेदीला आलेल्या. त्यांतली एक काउंटरवरच्या पोराला म्हणाली, "मी कवाधरनं सांगूलालो, जरीचा काठ पायजे." पोरगा मराठीच. त्यानं पलीकडच्या पोराकडे बघून डोळा मारला आणि हळूच म्हणाला, "बाई 'सांगूलालो' म्हणते रे." दोघंही हसले. बाईंना ते कळलं की नाही, ठाऊक नाही. माझ्या आईला मात्र कळलं. ती त्या बाईकडे वळली आणि म्हणाली, "कुठल्या गं तुमी? मीबी तिकडनंच आलो, चंदगडातनं."

आईच्या तोंडून "मी आलो" मी चाळीसएक वर्षांनी ऐकलं. ते बंद का झालं होतं याचं उत्तर मला माहीत होतं. पुढं सांगतो.

आपल्या मंडळात मी आजवर पूल, तळी आणि जुन्या रस्त्यांवर बोललो. भाषा हा माझा विषय नाही. मी पेशानं स्थापत्य अभियंता. घाटरस्त्यांवरच्या मोऱ्या, दरडी आणि संरक्षक भिंती यांत माझी नोकरी गेली. पण ज्या चढावर आपण आयुष्यभर वरखाली केलं, त्या चढावर माणसं एकमेकांना काय म्हणतात हे कधीतरी तपासायला हवं असं त्या दिवशी वाटलं. म्हणून हा निबंध.

आधी शब्द. घाट म्हणजे खरं तर डोंगर नव्हे, डोंगरातली उतरायची वाट. घाटात कोणी राहत नाही. तिथं चौकी असते, चहाची टपरी असते आणि माकडं असतात. माणसं राहतात ती घाटाच्या वर किंवा खाली. तरीही 'घाटी' हे माणसाचं नाव झालं, आणि ते दिलं खालच्यांनी. कोकणातल्या माणसाला वरून बैल हाकत येणारा प्रत्येकजण घाटी. तो मावळातला असो, कराडचा असो की आपल्या हुबळीचा. कारवार-कुमठ्याकडं कानडीतही हेच आहे. तिथं वरच्या माणसांना 'घट्टदवरु' म्हणतात. भाषा बदलली तरी शब्द तोच, आणि तो उच्चारताना नाकाची हालचालही साधारण तीच.

यामागं व्यापार आहे. रेल्वे यायच्या आधी आपल्या भागातला कापूस आरबैल घाटानं कुमठ्याच्या बंदरात उतरायचा. धारवाड भागातल्या कापसाला बाजारात 'कुमठा' हेच नाव पडलं होतं, पिकवणारा वरचा आणि नाव बंदराचं. बेळगावचा माल रामघाटानं वेंगुर्ल्याला जायचा. वर येताना मीठ, नारळ, सुकी मासळी. धुळीतून चालत आलेला, अंगावर घोंगडं, हातात चाबूक, बंदरावरच्या दलालाची भाषा न समजणारा माणूस. खालच्या गावाला घाटमाथ्याची ओळख झाली ती याच माणसामार्फत. हिशेबात तो फसायचा, आणि मग 'घाटी म्हणजे अडाणी' ही समजूत व्हायला कितीसा वेळ लागणार? फसवणाऱ्याला फसलेल्याची अक्कल काढावीच लागते.

1880च्या दशकात रेल्वे आली. हुबळी-धारवाडहून लोंढ्याला, तिथून तिनईघाट, कॅसलरॉक आणि खाली पोर्तुगीज हद्दीतून मुरगाव. त्या घाटातला चढ सदतिसात एक आहे. ज्यांनी तो पायी मोजला आहे त्यांना त्याचा अर्थ गुडघ्यात कळतो. बैल गेले, चाबूक गेला, शब्द मात्र राहिला. आजही गोव्यात बांधकामावर जाणारा आपल्याकडचा मजूर, मग तो गदगचा असो, बागलकोटचा असो की हुबळीचा, 'घांटी'च असतो. मी तरुणपणी गोव्यात एका पुलाच्या कामावर होतो. तिथं माझ्या मराठीवरून मलाही हा शब्द ऐकवला गेला. कोणी आणि कुठं, ते राहू दे. मला राग आला तो शब्दाचा नव्हे. मला त्या मजुरांबरोबर मोजलं याचा आला. हे आज लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं ते असं आहे.

मुंबईत या शब्दाचं आणखी एक झालं. गिरणगावात कोकणातला कामगार सातारा-कोल्हापूरकडच्या कामगाराला घाटी म्हणायचा. नंतर मुंबईतल्या इतर भाषकांनी तो शब्द उचलला आणि सरसकट सगळ्या मराठी माणसांना लावला, कोकण्यासकट. ज्यानं शिवी घडवली त्याच्याच दारात ती परत आली. यात मला आनंद वाटत नाही, पण नोंद करायला हवी.

आता कागद बघू. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीचा. तो 1905 साली निघाला. त्यात कोकणच्या बाजूच्या बोलींच्या यादीत 'घाटी' आणि 'मावळी' ही नावं बोलींची नावं म्हणून आली आहेत. म्हणजे बाजारात जी शिवी होती ती सरकारी पुस्तकात बोलीचं शास्त्रीय नाव म्हणून बसली. सरकारी पुस्तकांचं हे पूर्वापार आहे. 1884 सालची बेळगाव आणि धारवाडची गॅझेटियरं उघडून बघा. प्रत्येक जातीला स्वभावाची एकेक ओळ दिलेली आहे: हे कष्टाळू, ते आळशी, हे स्वच्छ, ते अस्वच्छ. ओळ कोणी दिली? जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या कारकुनानं. तो कोणत्या पेठेत राहत होता ते त्या ओळीवरूनच ओळखता येतं. आम्ही मंडळातले लोक गॅझेटियर फार डोक्यावर घेतो. त्यातली पिकं, पाऊस, रस्ते यांचे आकडे घ्यावेत. स्वभावाच्या ओळींवरून फक्त कारकुनाचा स्वभाव कळतो.

ग्रियर्सनच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण त्याची रीत बघताना माझ्यातला इंजिनीअर अडखळला. सगळ्या बोलींची तुलना व्हावी म्हणून एकच मजकूर सगळीकडे बोलीत उतरवून मागवला जायचा, बायबलातला उधळ्या मुलाचा दृष्टांत. मोजपट्टी एकच हवी, हे बरोबर. पण त्या गोष्टीत बोलतं कोण? बाप, धाकटा मुलगा, थोरला मुलगा आणि चाकर. एकही बाई तोंड उघडत नाही. आता विचार करा. कोल्हापूरपासून बेळगाव-चंदगडपर्यंतच्या पट्ट्यात मराठीची जी खूण सगळ्यात आधी कानावर पडते, ती म्हणजे बाई स्वतःबद्दल "मी गेलो, मी आलो, मी सांगतो" म्हणते. हजार नमुने गोळा करा, या दृष्टांतातून ती खूण कधीच दिसणार नाही. मोजपट्टीवर ती रेघच नाही.

ही खूण म्हणजे चूक आहे का? पुण्यामुंबईत तसंच मानतात, आणि त्यावर विनोदही होतात. मी थोडा हिशेब मांडतो. कानडीत "नानु बंदे" हे बाप्याचंही आणि बाईचंही. तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना "बंदनु", "बंदळु" असा फरक होतो, पण 'मी'ला लिंग लागत नाही. पिढ्यान् पिढ्या कानडीच्या शेजारी राहिलेल्या मराठीनं हे घेतलं असावं, असं मला वाटतं. आणि त्यात विचित्र काय आहे? प्रमाण मराठीतही "मी उद्या जाईन" हे बाई आणि बाप्या सारखंच म्हणतात. "मी भाकरी केली" यातही बोलणारा कोण ते कळत नाही. भविष्यकाळात चालतं ते वर्तमानात चाललं नाही म्हणून जग हसतं. 'मी' म्हणणारी बाई समोर उभी असते. ती बाई आहे हे क्रियापदानं वेगळं सांगायची गरजही नसते.

चंदगडी ही त्या पट्ट्यातली अगदी काठावरची बोली. ज्यांनी तो तालुका बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बेळगावच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या धारेवर तो आहे. पारगड, कलानंदीगड, महिपाळगड, गंधर्वगड असे चार किल्ले. पाऊस दाणादाण. भात, नाचणी, काजू. एका बाजूला कडा उतरला की कोकण आणि गोवा, तिथली कोकणी. ताम्रपर्णी आणि घटप्रभेचं पाणी मात्र पूर्वेला, कानडी मुलखात वाहतं. बाजार बेळगावचा. माणसं पोटासाठी मुंबईला. पारगडावर तानाजी मालुसऱ्यांचे वंशज आजही आहेत. म्हणजे एकाच तालुक्यात कोकणी, कानडी, घाटमाथ्याची शेतकरी मराठी आणि मुंबईहून परत आलेली मराठी. यातून जी बोली झाली ती भेसळ आहे असं म्हणणाऱ्यानं आधी 'तूप', 'अण्णा', 'अक्का' हे शब्द आपल्या शुद्ध मराठीतून काढून दाखवावेत.

1956च्या ऑक्टोबरपर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं. राज्य पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, फक्त चंदगड तालुका वगळला. तो मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूरला जोडला. माझी आई तेव्हा दहा वर्षांची होती. तिचा जिल्हा बदलला, बाजार तोच राहिला. पुढं लग्न होऊन ती हुबळीला आली, म्हणजे राज्यही बदललं. भाषा बदलायचं कारण नव्हतं, कारण आमचं घर मराठीच. पण बदल तिथंच झाला.

आमचं घर जुनं धारवाडी. आजोबा नाटकवेडे. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचे, ही गोष्ट ते पाहुण्यांना पहिल्या पाच मिनिटांत सांगत. म्हणजे पुण्याला मराठी नाटक आम्ही दिलं, असा सूर. घरातली मराठी पुस्तकी. कानडी मुलखात राहून आमची मराठी किती शुद्ध, याचा केवढा अभिमान! त्या घरात आई "मी जेवलो" म्हणायची तेव्हा आजी पदराआड हसायची. वाईट हेतूनं नाही, पण हसायची.

आणि मी. पाचवीत होतो. शाळेच्या कार्यक्रमाला आई आली आणि बाईंना म्हणाली, "मी उद्या येतो वही घेऊन." मागच्या बाकावरची पोरं फुटली. बाईही किंचित हसल्या. घरी येताना मी आईशी बोललो नाही, आणि घरी आल्यावर तिला शिकवलं: "येतो नाही म्हणायचं. येते." अकरा वर्षांचा मी, चपला काढत काढत. आईनं दोनदा म्हणून दाखवलं, येते, येते. त्या दिवसापासून ती "येते" म्हणते. पण लोकांत बोलायचीही कमी झाली. पाहुणे आले की चहा ठेवून आत जायची. हे मी तेव्हा तिच्या स्वभावावर ढकललं. गॅझेटियरच्या कारकुनासारखंच.

सात वर्षांनी मी पुण्याला शिकायला गेलो. पहिल्याच आठवड्यात वसतिगृहात कोणीतरी विचारलं काय करतोयस, मी म्हणालो, "वाचायलोय." झालं. पुढची चार वर्षं माझं नाव 'करायलोय' होतं. आमचं धारवाडी शुद्धपण पुण्याच्या स्टेशनवरच उतरलं होतं! तिथं मला कळलं की पुण्याच्या दृष्टीनं हुबळी आणि चंदगड एकच, दोन्ही 'तिकडचे'. मी रागानं एक वही केली आणि सगळे 'करायलोय' तोडून 'करतोय' केले. आईनं जे माझ्यासाठी केलं ते मी त्यांच्यासाठी केलं. फरक एवढाच की मला त्याचा मोबदला मिळाला. मुलाखती, नोकरी, बढती.

इथं थांबून आपल्या गावाचा एक जुना हिशेब उघडावा लागेल, कारण तक्रार करताना तो आपण सोयीनं विसरतो. पेशवाईनंतरही धारवाडच्या कचेरीत आणि शाळेत बराच काळ मराठीचं वजन होतं. कानडी बोलणाऱ्या मुलाला शिकायचं तर मराठी. कानडी ही घरातली, शेतातली भाषा, तिला काय लिहायचं, असं म्हणणारे आमचेच पूर्वज होते. डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या शिक्षणाधिकाऱ्यांनी कानडी शाळांसाठी कष्ट घेतले, आणि 1890 साली धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ उभा राहिला तो या परिस्थितीच्या विरोधात. पुण्यानं आम्हाला जे केलं ते आम्ही आधी कानडीला करून झालं होतं. संघाच्या इमारतीसमोरून जाताना मराठी माणसानं हे आठवावं, असं माझं मत आहे. ते मत मंडळातल्या सगळ्यांना पटत नाही, हेही मला माहीत आहे.

उलट बेंद्र्यांचं बघा. घरची भाषा मराठी, आणि कविता लिहिली कानडीत, तीही म्हैसूरच्या पुस्तकी कानडीला बाजूला ठेवून धारवाडच्या बाजारातल्या, बायकांच्या तोंडातल्या कानडीत. म्हैसूरकडं धारवाडी कानडीला रांगडी म्हणून हसत. बेंद्र्यांनंतर हसणं अवघड झालं. 'नाकु तंति'ला 1973चं ज्ञानपीठ मिळालं. घाटाखाली मालवणीचं तेच झालं. 1980 साली 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आलं. त्याआधी मालवणी बोलणारा म्हणजे नाटकातला गडी, आणि नंतर मुंबईतले लोक मालवणी येत नसली तरी येते असं दाखवायला लागले. कोकणीनं तर याहून मोठी लढाई लढली. मराठीची बोली म्हणून हिणवलं गेल्यावर तिला 1975 साली साहित्य अकादमीची मान्यता मिळाली, 1987 साली गोव्याची राजभाषा आणि 1992 साली राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा. तरीही 'घांटी' शब्द गोव्यात सुखानं नांदतो. स्वतःच्या बोलीचा अभिमान आला की दुसऱ्याच्या बोलीबद्दलचं हसू जातं, असा नियम मला तरी सापडला नाही.

चंदगडीला असं नाटक मिळालं नाही. कोवाडचे रणजित देसाई हे त्या तालुक्याचं सगळ्यात मोठं नाव, पण 'स्वामी' आणि 'श्रीमान योगी' पेशव्यांच्या आणि शिवाजी महाराजांच्या भारदस्त मराठीत आहेत. यात त्यांना दोष नाही. त्या विषयांना ती भाषा लागते. अलीकडे मात्र चंदगडीवर अभ्यासक लिहितात, गणेश देवींच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडासारख्या कामातून बोलींना जागा मिळते. तालुक्यातली तरुण पोरं मोबाइलवर मुद्दाम चंदगडीत गमतीचे तुकडे करून टाकतात. आई ते बघते. हसते. पण त्यांत बाईचं पात्र बहुतेक साडी नेसलेला पोरगाच असतो, आणि "मी गेलो" म्हटलं की मागं हशाचा आवाज घातलेला असतो. म्हणजे अभिमान आला, तोही हशावर स्वार होऊनच.

आणि चंदगडवाले तरी कोणाला हसत नाहीत? हसतात. त्यांच्याही वर, रानात, गवळी धनगरांचे वाडे आहेत. म्हशी पाळणारी ही माणसं साताऱ्या-कोल्हापूरच्या डोंगरांतून सरकत सरकत खानापूर, हल्याळ, यल्लापूर, कलघटगीपर्यंत आली. म्हणजे आपल्या हुबळीपासून तासाभरावर. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी 1980च्या सुमारास त्यांचा अभ्यास केला: रान, म्हशी, लोणी आणि शेणखत यांवर हे जगणं कसं उभं होतं, आणि रान तुटल्यावर ते कसं मोडलं. सगळीकडं कानडी, आणि वाड्यात मराठी, ती त्यांनी टिकवली. कलघटगीच्या बाजारात मराठी व्यापारी त्यांच्या मराठीची नक्कल करताना मी स्वतः ऐकलं आहे. हुबळीला चंदगड घाटी, चंदगडला गवळी घाटी, गोव्याला सगळेच घाटी. सर्व्हेच्या कामात आम्ही उंची मोजताना आधी एक बेंचमार्क ठरवतो, दगडावर खूण करतो, आणि मग बाकी सगळं त्याच्या वर किंवा खाली. इथं प्रत्येकजण आपल्या उंबऱ्यालाच बेंचमार्क धरून बसला आहे.

त्या दुकानात आई त्या बायकांशी अर्धा तास बोलली. लुगडं राहिलं बाजूला. कुठला वाडा, कोणाची लेक, पाऊस किती, काजू कसा आला. काउंटरवरचा पोरगा गप्प होऊन ऐकत होता. पैसे द्यायच्या वेळी मी त्याला काहीतरी सुनावणार होतो, पण कोणत्या तोंडानं?

घरी आल्यावर मी ठरवलं की आईची बोली नोंदवून ठेवायची. मंडळाच्या संग्रहात तेवढी तरी भर. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन तिच्यासमोर टेबलावर ठेवला आणि म्हटलं, आई, लहानपणचं काहीही सांग, जसं बोलायचीस तसं. ती सरळ बसली, पदर नीट केला, घसा खाकरला आणि म्हणाली, "माझा जन्म चंदगड तालुक्यात झाला. मी चौथीपर्यंत शिकले. लग्नानंतर मी हुबळीला आले." शिकले, आले. एकही चूक नाही. अकरा मिनिटं ती तशी बोलली. मी मध्ये दोनदा म्हटलं, आई, अगं तसं नको, तिकडचं. ती म्हणाली, "तेच तर सांगते आहे."

मी फोन बंद करून खिशात टाकला. तेवढ्यात मागच्या दाराशी शेजारच्या अक्का आल्या, जेवण झालं का विचारायला. आई उठता उठता म्हणाली, "होय गं, मगाशीच जेवलो की."

मंडळाच्या संग्रहात ती अकरा मिनिटं जमा केली आहेत. हे शेवटचं वाक्य त्यांत नाही.